फेटा उसना, घोडा स्वतःचा

दगडावर छापायच्या कलेचा जन्म धोब्याच्या यादीतून झाला, असं सांगितलं तर विश्वास बसेल? पण गोष्ट तशीच सांगतात. म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार होता. नाटकं लिहायचा, पण ती छापून घ्यायला खिशात पैसे नसायचे. थोडक्यात काय, फ्रीलान्सर! स्वस्तात छपाई कशी करता येईल या खटपटीत त्याने घरात गुळगुळीत दगड आणून ठेवले होते. १७९६ साली एक दिवस आईने त्याला धुवायला द्यायचे कपडे लिहून घ्यायला सांगितलं. हाताशी कागद नव्हता, म्हणून पठ्ठ्याने मेणकट शाईने ती यादी दगडावरच खरडली. पुढे दोनेक वर्षं डोकं लढवून त्याने त्यातून छपाईची एक नवीच रीत शोधून काढली. लिथोग्राफी. आपल्याकडची जुनी माणसं तिला शिळाछाप म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे ना. या शिळाछापाची चित्रं तुम्ही नक्की पाहिली आहेत, फक्त नाव माहीत नसेल. जरा महागड्या कॅफेत किंवा बिझनेस हॉटेलच्या लॉबीत सोफ्याच्या मागच्या भिंतीवर फ्रेम असते बघा. करड्या रंगाचं चित्र, उधळलेला घोडा, त्याच्यावर फेटेवाला, हातात वाकडी तलवार, मागे धुळीचा लोट. आपण समोर बसून लॅपटॉप उघडतो, वायफायचा पासवर्ड विचारतो आणि त्या बिचाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. यातली बरीचशी चित्रं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या फ्रेंच लिथोग्राफ्सच्या नकला असतात.

चाळीस शब्दांत योद्धा

माझी आणि या घोडेस्वारांची ओळख कामानिमित्त झाली. एका इंटिरिअर डिझाइन करणाऱ्या ऑफिसने एका हॉटेलसाठी अशा बारा चित्रांच्या मोठ्या प्रिंट्स काढल्या होत्या. प्रत्येक फ्रेमखाली एक पितळी पट्टी बसणार होती आणि तिच्यावरचा मजकूर मी लिहायचा होता. चित्रागणिक चाळीस शब्द. पैसे चांगले होते. शिवाय ‘हे जमलं तर पुढच्या दोन हॉटेलांचं कामही तुमचंच’ असं गाजर समोर होतं. महिन्याच्या पंचवीस तारखेला फ्रीलान्सरला असं गाजर फार गोड लागतं, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

ब्रीफ एका ओळीचा होता. रॉयल वाटलं पाहिजे, ईस्टचं मिस्टरी आलं पाहिजे, आणि हो, ‘फार हिस्टरी नको, कोणी वाचत नाही.’

तसं बघायला गेलं तर दोन तासांचं काम. ‘शूर अरब योद्धा’, ‘वाळवंटाचा राजा’, ‘वाऱ्याशी स्पर्धा करणारा अश्व’, असे बारा तुकडे जुळवायचे की इनव्हॉइस पाठवायला मोकळं. पण चौथ्या चित्रापाशी मी अडकले. चित्र तेओदोर जेरिकोचं होतं, साल १८१८. फाइलवर नुसतं ‘अरब वॉरिअर’ लिहिलेलं. मी एका मोठ्या म्युझियमच्या वेबसाइटवर तेच चित्र शोधलं, तर त्याचं खरं नाव भलतंच लांबलचक निघालं: जखमी ट्रम्पेटवाल्याला कोसॅकपासून वाचवणारा, इम्पिरिअल गार्डमधला मामलुक.

इम्पिरिअल गार्ड म्हणजे नेपोलियनची खास फौज. म्हणजे हा फेटेवाला फ्रान्सचा शत्रू नव्हता. तो फ्रान्सचा सैनिक होता, आणि एका जखमी सोबत्याला पाठीशी घालून रशियाच्या कोसॅक घोडेस्वाराशी लढत होता. माझे चाळीस शब्द तिथेच संपले.

डिंक, साबण आणि काजळी

मजकूर लिहायचा तर वस्तू कशी बनते ते आधी कळायला हवं. माझ्या ओळखीची एक ताई प्रिंटमेकर आहे. तिच्या स्टुडिओत जुना लिथो प्रेस आहे. शनिवारी तिला फोन केला, तर म्हणाली, “अगं, वाचत काय बसलीयेस? ये, दाखवते. पण जुने कपडे घालून ये.”

दगड म्हणजे चुनखडीची जाडजूड लादी. सर्वांत उत्तम दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला. पंख असलेल्या त्या प्रसिद्ध आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म जिथे मिळाला ना, तेच हे झोल्नहोफेन. ताईने आधी दगडावर पाणी आणि बारीक रेती टाकून दुसऱ्या जड चकतीने तो गोल गोल घासला. जुनं चित्र निघून गेलं आणि दगड पुन्हा कोरा झाला. मग मेण, साबण आणि काजळी घालून केलेल्या खडूने तिने एक घोड्याचं डोकं काढलं. कागदावर काढतो अगदी तसं, भराभर.

“दगडाला बोट लावू नकोस हं,” ती म्हणाली. “बोटाला तेल असतं. ते पण छापलं जातं.”

मग बाभळीच्या डिंकाचं पाणी, त्यात नायट्रिक ॲसिडचे मोजके थेंब. ते दगडावर फिरवलं, सुकू दिलं. आणि मग तिने चक्क टर्पेंटाइनने सगळं चित्र पुसून टाकलं! माझा जीव वर-खाली. एवढं सुंदर डोकं गेलं की! पण दगडावर ओला स्पंज फिरवून तिने शाईचा रोलर चालवला आणि घोडा हळूहळू परत आला. आधी नाकपुडी, मग डोळा, मग आयाळ. जिथे खडूचा तेलकटपणा मुरला होता तिथे शाई धरली. जिथे पाणी होतं तिथून शाई घसरली. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा खेळ उभा आहे.

कागदावर उतरल्यावर घोडा उलट्या दिशेला बघत होता. छापताना डावं उजवीकडे जातं. म्हणून दगडावर सैनिक काढताना चित्रकाराला तलवार मुद्दाम डाव्या हातात द्यावी लागते. नाहीतर छापल्यावर अख्खी फलटण डावखुरी!

मला त्या दिवशी कळलं ते असं. तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम करायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. त्यामुळे बहुतेक वेळा चित्रकार चित्र काढायचा आणि कोरणारा कारागीर ते पत्र्यावर उतरवायचा. लिथोग्राफीत मधला माणूस गेला. चित्रकाराच्या बोटाचा दाब, त्याची घाई, त्याचा थांबा सगळं जसंच्या तसं कागदावर यायला लागलं. आणि एका दगडावरून शेकडो प्रती निघायला लागल्या.

पॅरिसचा नवा धंदा

पॅरिसमध्ये ही छपाई खऱ्या अर्थाने रुजली ती १८१६ मध्ये. त्या वर्षी गोदफ्रुआ एंगेलमान आणि शार्ल द लास्तेरी या दोघांनी तिथे आपापले लिथोग्राफीचे छापखाने काढले. वेळ बघा काय होती! जून १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियन हरला होता. फ्रान्समध्ये जुनी राजेशाही परत आली होती. नेपोलियनच्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर घरी बसवलं होतं. रस्त्यारस्त्यात पूर्वीचे सैनिक, आणि त्यांच्या तोंडी इजिप्त, स्पेन आणि रशियाच्या गोष्टी. नव्या सरकारला या आठवणी नको होत्या. लोकांना मात्र हव्या होत्या.

मोठं तैलचित्र सरकारी प्रदर्शनात लावायचं तर परवानगी लागणार. ओरास व्हेर्ने या चित्रकाराची युद्धाची चित्रं १८२२ च्या प्रदर्शनात नाकारली गेली, तेव्हा त्याने स्वतःच्या स्टुडिओतच प्रदर्शन भरवलं. लिथोग्राफचं तसं नव्हतं. छापखान्यांना १८१७ पासून सरकारी परवाना लागायचा हे खरं, पण छापलेला कागद हलका, स्वस्त. दुकानाच्या काचेत टांगता येणारा. ओरास, त्याचे वडील कार्ल व्हेर्ने, निकोला शार्ले आणि त्यांच्यानंतर ऑग्युस्त राफे या मंडळींनी दगडावर सैनिकच सैनिक काढले. थकलेले, जखमी, घोड्यावरचे, घोडा गमावलेले. आणि त्यांच्या मधोमध, फेटा बांधलेला आणि वाकडी तलवार उपसलेला मामलुक.

जेरिको या घोळक्यातला सगळ्यात अफाट. १७९१ चा जन्म. घोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कार्ल व्हेर्नेकडे तो शिकला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८१२ मध्ये, त्याने उसळत्या घोड्यावरच्या नेपोलियनच्या अधिकाऱ्याचं भलंमोठं चित्र प्रदर्शनात लावलं आणि सुवर्णपदक मिळवलं. घोड्यांचं त्याला वेडच होतं. तबेल्यात तासन् तास, आणि जमेल तेव्हा खोगिरावर.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जेरिको इजिप्तला कधी गेला नाही. तुर्कस्तानला नाही, अरबस्तानला नाही. लढाईवरसुद्धा नाही. १८१४-१५ मध्ये तो काही काळ राजाच्या घोडदळात होता, तेवढंच.

फेट्याखाली कोण?

आता मूळ प्रश्न. हा मामलुक कोण?

मामलुक म्हणजे विकत घेतलेला. कॉकेशस पर्वताच्या भागातली, जॉर्जियन आणि सर्केशियन वंशाची मुलं लहानपणी गुलाम म्हणून विकली जायची. त्यांना इजिप्तमध्ये आणून घोडदळाचं कडक शिक्षण दिलं जायचं. या गुलाम सैनिकांनीच १२५० ते १५१७ पर्यंत इजिप्तवर राज्य केलं. नंतर तुर्कांची सत्ता आली तरी त्यांचा दरारा राहिलाच. २१ जुलै १७९८ ला पिरॅमिडजवळच्या लढाईत त्यांचं घोडदळ नेपोलियनच्या बंदुकांच्या चौकोनी फळ्यांवर आदळलं आणि फुटलं. नेपोलियनला मात्र ते घोडेस्वार आवडले. परतताना फ्रेंचांबरोबर काही मामलुक आले, आणि त्यांची एक छोटी तुकडी नेपोलियनच्या खास फौजेत सामील झाली. रुस्तम रझा नावाचा मामलुक तर नेपोलियनचा खासगी अंगरक्षक. तो मुळात अर्मेनियन, जन्म तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या त्बिलिसीचा. कैरोतल्या एका शेखने तो नेपोलियनला भेट म्हणून दिला होता. माणूस, भेट म्हणून!

त्या तुकडीत जॉर्जियन होते, अर्मेनियन, ग्रीक, सीरियन, इजिप्तमधले कॉप्ट ख्रिश्चन होते. आणि लढाया वाढत गेल्या, माणसं मरत गेली, तशी रिकाम्या जागांवर फ्रेंच पोरं भरली गेली. तोच फेटा, तीच सैल विजार, तीच वाकडी तलवार. म्हणजे ज्या पोशाखाकडे बघून आपण ‘गूढ पूर्व’ म्हणतो, तो पोशाख पॅरिसच्या सैन्याचा युनिफॉर्म झाला होता! तुमच्या-माझ्या गळ्यातलं ऑफिसचं आयडी कार्ड जसं, तसा तो फेटा.

पुढचं वाचून मात्र माझा चहा गार झाला. इजिप्तहून आलेली बरीच कुटुंबं मार्सेय शहरात स्थायिक झाली होती. जून १८१५ मध्ये वॉटर्लूच्या पराभवाची बातमी तिथे पोचली आणि राजाच्या बाजूच्या जमावाने या लोकांना शोधून शोधून मारलं. ते नेपोलियनचे म्हणून, परके म्हणून. चेहऱ्यावरून आणि कपड्यांवरून लगेच ओळखू यायचे म्हणून.

जेरिकोचं चित्र याच्या बरोबर तीन वर्षांनंतरचं. ज्यांना कालपरवा रस्त्यावर मारलं, त्यांच्यातला एक जण एका फ्रेंच ट्रम्पेटवाल्याचा जीव वाचवतोय, हे त्याने १८१८ च्या पॅरिसमध्ये छापून विकायला ठेवलं. त्याच्या मनात नेमकं काय होतं, हे मी सांगू शकत नाही. पण त्या दुकानाच्या काचेसमोर उभं राहणाऱ्याला मामलुक कोण हे सांगावं लागत नव्हतं. आपल्याला लागतं.

मी पट्टीचा मजकूर लिहिला. सदतीस शब्द झाले. नाव, साल, नेपोलियनची फौज, आणि मार्सेयची एक ओळ.

ऑफिसमधून फोन आला. “मजकूर छान आहे हो, पण हे मारलं-बिरलं कशाला? लॉबीत लोक रिलॅक्स व्हायला बसतात.”

मी म्हटलं, “मार्सेयची ओळ काढा. पण ‘अरब’ लिहू नका. तो अरब नाहीये. आणि तो फ्रेंच सैन्यातला आहे, एवढं राहू दे.”

“मॅडम, फेटा आहे, तलवार आहे. लोकांना अरबच वाटणार.”

“म्हणूनच तर पट्टी लावायची ना?”

ते हसले. मग म्हणाले, बघतो. पट्टीवर शेवटी ‘शूर मामलुक योद्धा, १८१८’ एवढंच आलं. चार शब्द वाचले म्हणायचे की तेहतीस गेले म्हणायचे? चेक वेळेवर आला. पुढच्या दोन हॉटेलांचं काम दुसऱ्या कोणाला तरी गेलं. त्या महिन्यात मी टॅक्सीऐवजी बस पकडली. एवढंच काय ते.

मिस्टर ऑग्युस्तचं कपाट

काम संपलं, पण माझं वाचन थांबेना. कारण एक प्रश्न माझ्या धंद्यालाही लागू होता. न गेलेल्या ठिकाणाबद्दल माणूस खरं काही सांगू शकतो का?

आधी सामानाचा प्रश्न. पॅरिसमध्ये बसून या लोकांना तलवारी, कफ्तान आणि खोगिरं मिळायची कुठून? त्यांच्या मित्रमंडळात ज्यूल-रोबेर ऑग्युस्त नावाचा एक हौशी श्रीमंत चित्रकार होता. सगळे त्याला ‘मिस्टर ऑग्युस्त’ म्हणायचे. तो ग्रीस आणि इजिप्तकडे फिरून आला होता आणि येताना कपडे, हत्यारं असं पुष्कळ काही घेऊन आला होता. जेरिको आणि त्याचा धाकटा मित्र यूजीन देलाक्रुआ, दोघंही त्याच्याकडून या वस्तू उसन्या न्यायचे. म्हणजे ‘पूर्व’ नावाची जी जादू त्या चित्रांत दिसते, तिचा बराचसा भाग एका मित्राच्या कपाटातून आलेला! शिवाय जेरिकोकडे मुस्तफा नावाचा एक तुर्की माणूस काही काळ मॉडेल आणि नोकर म्हणून होता. त्याचं साधं, शांत चेहऱ्याचं चित्र जेरिकोने काढलंय. त्या चित्रात तलवार उपसलेली नाही, आरडाओरडा नाही. समोर बसलेला एक माणूस.

विषयही उसने. कवी बायरन तेव्हा पॅरिसमध्ये भलताच लोकप्रिय होता. त्याच्या ‘द जाऊर’ या १८१३ च्या काव्यात एक व्हेनिसचा तरुण आणि एक तुर्की सरदार एका स्त्रीसाठी घोड्यावरून लढतात. जाऊर म्हणजे परधर्मीयाला हिणवून म्हणायचा तुर्की शब्द. जेरिकोने त्यावर लिथोग्राफ केलं, आणि १८२७ मध्ये देलाक्रुआनेही. त्यातले घोडेसुद्धा एकमेकांना चावायला निघालेत असं वाटतं.

एडवर्ड सैद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ हे पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की युरोपने ‘पूर्व’ म्हणून जे रंगवलं ते बरंचसं युरोपच्या स्वतःच्या गरजेतून आलं आणि ते सत्ता गाजवायच्या कामी आलं. ही चित्रं समोर ठेवून ते वाचलं की पटतं. फेटा दिसला की तलवार आलीच, तलवार आली की राग आलाच. फेटा बांधून हिशेब लिहिणारा किंवा पोराला शाळेत सोडणारा कोणी यात सापडत नाही.

जाऊन आलेले

मग वाटतं, प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांचं तरी बरोबर असेल. तिथेही गंमत आहे.

१८३० मध्ये फ्रान्सने अल्जीरियावर स्वारी केली. ५ जुलैला अल्जिअर्स पडलं. त्यानंतर घोड्यावरचा अरब ही गोष्टीतली व्यक्ती उरली नाही. तो समोरचा शत्रू झाला. ओरास व्हेर्ने १८३३ मध्ये तिथे गेला. डोळ्यांनी सगळं पाहिलं. आणि आल्यावर त्याने सांगितलं काय, तर या अरबांचे कपडे बायबलमधल्या लोकांसारखेच आहेत! तसे कपडे घालून त्याने बायबलच्या गोष्टी रंगवल्या. समोर जिवंत माणसं होती, त्यांची लढाई चालू होती, पण त्याला दिसलं ते दोन-तीन हजार वर्षांपूर्वीचं. पुढे १८४५ मध्ये त्याने अब्द अल-कादिरचा तळ फ्रेंचांनी कसा जिंकला त्याचं एकवीस मीटर लांबीचं तैलचित्र केलं. एकवीस मीटर! त्यात फ्रेंचांचा रुबाब दिसतो, आणि समोरच्यांची नुसती पळापळ.

देलाक्रुआ १८३२ मध्ये एका फ्रेंच राजदूताबरोबर मोरोक्कोला गेला. काही महिनेच होता, पण वह्यांच्या वह्या भरून आणल्या. दाराची कमान, खोगिराचा रंग, सावली कुठे पडली, कोण कसं बसलं. पुढची तीस वर्षं तो त्या टिपणांतून चित्रं काढत राहिला. त्यातही कल्पना आहे, नाटक आहे. पण मोरोक्कोनंतरच्या त्याच्या घोडेस्वाराला खोगिरावर बसायची एक सवय आहे. ती कपाटातून येत नाही.

आपल्याकडेही असा एक जण येऊन गेला. रशियन सरदार अलेक्सी सोल्टिकोफ १८४१ ते १८४६ या काळात दोनदा भारतात फिरला आणि त्याच्या रेखाटनांवरून पॅरिसच्या लेमेर्सिए छापखान्यात लिथोग्राफ्स निघाले. पण दगडावर ती चित्रं उतरवली पॅरिसच्या कलाकाराने. पाहिलं एकाने, काढलं दुसऱ्याने. आजच्या भाषेत सांगायचं तर रिपोर्टरची कॉपी डेस्कवर रीराइट झाली.

म्हणजे जाऊन आलं की खरं दिसतंच असं नाही, आणि न जाणारा खोटंच सांगतो असंही नाही. मग फरक पडतो कशाने?

घोडा आणि जखम

मी परत जेरिकोकडे गेले. या वेळी फेटा, तलवार सगळं बाजूला ठेवून फक्त घोडे बघितले. १८१८ मधलं तबेल्यातल्या दोन करड्या घोड्यांच्या भांडणाचं लिथोग्राफ बघा. मागे टेकलेले कान, ताणलेली मान, पार्श्वभागातलं वजन. किंवा १८२१ मध्ये लंडनला केलेली बारा चित्रांची मालिका. तिच्यात एक अरबी घोडा आहे, पण बाकी कोळशाच्या गाड्या ओढणारे, नाल ठोकून घेणारे, जत्रेला निघालेले कामकरी घोडे. या माणसाला घोडा कसा उभा राहतो, कसा थकतो, हे माहीत होतं.

सगळंच माहीत होतं असंही नाही बरं का. त्याच वर्षी रंगवलेल्या एप्समच्या शर्यतीच्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात घोडे चारही पाय पसरून हवेत तरंगतायत. तेव्हा सगळेच असं काढायचे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने अमेरिकेत धावत्या घोड्याचे एकापाठोपाठ फोटो काढले तेव्हा कळलं, की चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. डोळ्याला जे पकडताच येत नाही तिथे जेरिकोही फसला. पण उभा घोडा, दमलेला घोडा, घाबरलेला घोडा त्याने तासन् तास पाहिला होता. तिथे त्याची रेघ डगमगत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जखमी शरीर. ‘मेडुसाचा तराफा’ या १८१९ च्या प्रचंड चित्रासाठी तो हॉस्पिटलमध्ये जाऊन आजारी आणि मरणाऱ्या माणसांची चित्रं काढत होता. आजूबाजूला अर्ध्या पगारावरचे, हात-पाय गेलेले सैनिक होतेच. ट्रम्पेटवाल्याचं निसटत चाललेलं अंग त्याला कोणाच्या कपाटातून आणावं लागलं नाही.

माझ्यापुरतं मला एवढं सापडलं. त्या मामलुकाचा पोशाख उसना आहे, पण घोडा आणि जखम जेरिकोची स्वतःची आहे. त्यामुळे त्या फेट्याखालचा माणूस माणूस वाटतो. फक्त कपाटच असतं तर तो बाहुला झाला असता. तसे बाहुले बाकीच्या अकरा फ्रेम्समध्ये चिक्कार होते.

ही शिळाछाप पुढे आपल्याकडेही आली आणि छान रमली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. १८९४ मध्ये राजा रविवर्मांचा प्रेस मुंबईत निघाला आणि दगडावरून छापलेले देव घराघरांत पोचले. माझ्या आजीच्या घरी देव्हाऱ्यावर अशी एक लक्ष्मी होती. आजीला लिथोग्राफी हा शब्द माहीत नव्हता, पण चित्र कुठल्या सालच्या दिवाळीला, कोणी आणि किती पैशांना आणलं हे तिला तोंडपाठ होतं. पितळी पट्टी नव्हती, पण मजकूर पूर्ण होता.

जेरिको फार जगला नाही. घोड्यावरून तो अनेकदा पडला. त्या दुखापती आणि आजारपण वाढत गेलं आणि २६ जानेवारी १८२४ ला तो गेला, बत्तिसाव्या वर्षी. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा.

मामलुकाच्याच वर्षी, १८१८ मध्ये, त्याने ‘रशियाहून परत’ नावाचं एक लिथोग्राफ केलं. ते दोन दगडांवरून छापलेलं आहे: एकावर काळं रेखाटन, दुसऱ्याचा फिका मातकट रंग. बर्फातून दोन सैनिक परततायत. एकाचे डोळे गेलेत, तो घोड्यावर बसलाय. दुसऱ्याचा हात गेलाय, तो पायी चालत घोड्याला ओढतोय. घोड्याची मान खाली. यात फेटा नाही, पूर्व नाही, शत्रूसुद्धा नाही. मी ते आणि मामलुकाचं चित्र स्क्रीनवर शेजारीशेजारी उघडून ठेवते. दोन्हींत एक सैनिक दुसऱ्याला सांभाळतोय. काढणाऱ्याने दोघांना एकाच मापाने मोजलंय.

हल्ली कामाचा नवा ब्रीफ आला की मी एका कागदावर दोन कॉलम करते. या विषयातलं मला उसनं काय आणावं लागणार, आणि माझ्या पदरचं काय आहे. दुसरा कॉलम अगदीच रिकामा राहिला तर काम घेत नाही, किंवा तिकिटाचे पैसे मागते. मागच्या आठवड्यात एकांना मागितले. ते म्हणाले, “गुगलवर सगळं आहे की.”

बघू. अजून पंचवीस तारीख यायची आहे.